टर्की-कॉलची पेटी बनवताना या चुका टाळा

आवाज बसका निघाला की पहिला आळ लाकडावर येतो. अमेरिकेत वसंतातल्या शिकारीत टर्की या रानपक्ष्याच्या मादीची साद काढायला जी लाकडी पेटी वाजवतात, तिच्या बाबतीत हा आळ बहुतेकदा खोटा असतो. आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सनने १८९७ साली पेटंट घेतलं, तेव्हापासून मूळ घडण तीच आहे: तळफळी, दोन टोकांना ठोकळे, दोन पातळ बाजू आणि वर एका स्क्रूवर फिरणारं दांड्याचं झाकण. झाकणाची खालची बाजू किंचित गोलाईची असते. ती काठावर घासते, अडकते, सुटते आणि बाजूची फळी थरथरते.

सगळ्यात जास्त पेट्या बिघडतात त्या जाड बाजूंमुळे. ४ मिमीची फळी जवळजवळ मुकीच. ३ मिमीपासून सुरुवात करा आणि वरचा काठ आतून २ मिमीच्या आसपास उतरवा. काचपेपरचे चार-पाच हात मारले की झाकण ठेवून वाजवून पाहा. घाईत फार पातळ केलात तर काठ दाबाखाली वाकतो, आवाज फाटतो आणि मग उपाय नाही. रेषे पेटीच्या लांबीला सरळ हवेत, गाठ अजिबात नको. सांध्यातून आत ओघळलेला डिंकही थरथर मारतो, तो ओला असतानाच पुसा.

आता लाकूड. यलो पॉपलर हे अमेरिकी लाकूड मऊ, तिकडचं काळं अक्रोड कठीण (लाकडाचा टणकपणा सांगणाऱ्या जान्का मोजमापात साधारण ५४० आणि १०१०). पॉपलरच्या बाजू आणि अक्रोडाचं झाकण ही नवशिक्यासाठी खात्रीची जोडी: आवाज भरीव येतो आणि शेवटी हवी ती खरखर मिळते. महोगनी मवाळ बोलते. सीडर खणखणीत, पण रेषेवर चटकन चिरतो, म्हणून स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडा. दोन्हीकडे मेपलसारखं टणक लाकूड घेतलं तर झाकण घसरतं आणि नुसती किंचाळी निघते. अर्थात एकाच जातीच्या दोन फळ्याही वेगळ्या बोलतात. कापण्याआधी फळी एका कोपऱ्याला सैल धरून बोटाच्या पेराने टिचकवा आणि जी जास्त वेळ घुमते ती बाजूंना ठेवा.

मादीची साद दोन सुरांची असते: आधी स्वच्छ, उंच आणि मग खाली उतरणारी, खरखरीत. एकच सूर येत असेल तर काठावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारा आणि झाकण सावकाश फिरवा. शिसं एकाच ठिकाणी पुसलं गेलं तर गोलाई चुकली आहे. स्पर्श काठावरून सरकत गेला पाहिजे.

आधी चांगली वाजणारी पेटी अचानक घसरू लागली तर झाकण चकाकतंय का ते बघा. हाताचं तेल लागलेलं असतं. भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने हलकेच पुसा आणि तेल-मेण नसलेला खडू लावा. सारंगीच्या गजाला राळ, तसा इथे खडू. काचपेपर मात्र नको, गोलाई जाते. त्याच कारणाने घासणाऱ्या जागांवर वॉर्निश लागू देऊ नका. पॉलिश करताना तिथे चिकटपट्टी लावा.

स्क्रू अर्धा फेरा घट्ट झाला तरी सूर बदलतो. मनासारखा लागला की स्क्रूच्या डोक्यावर आणि झाकणावर मिळून पेन्सिलीची एक रेघ ओढून ठेवा. पावसात लाकूड फुगतं, खडू चिकट होतो; तिकडचे जुने शिकारी पेटी आणि हात दोन्ही पावाच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत घालून आतच वाजवतात.