टोरोंटोची महिला आइस हॉकी : गुणलेखकाच्या टेबलावरून

पुण्यात महाविद्यालयीन क्रिकेट सामन्यांचे गुणलेखन मी तीन वर्षे केले आणि तेवढ्याच पुंजीवर क्रीडा व्यवस्थापन शिकायला टोरोंटोला आले. आइस हॉकीचा एकही सामना तोवर प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये काम मिळावे अशी इच्छा धरून येथे येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे, की अर्ज पाठवण्याआधी आपल्या वस्तीतल्या रिंकवर, म्हणजे आइस हॉकीच्या बर्फाच्या मैदानावर, जावे आणि मुलींच्या सामन्यांत गुणलेखकाच्या टेबलाशी बसण्याची परवानगी मागावी.

तेथे थंडी अपेक्षेपेक्षा बरीच जास्त असते. दोन जोड मोजे घालूनही पहिल्या वीस मिनिटांत पायाची बोटे बधिर होतात, आणि बॉलपेन ऐन वेळी उमटत नाही म्हणून पेन्सिल बरी. गोल झाला की पंच टेबलाजवळ येऊन एका दमात तीन क्रमांक सांगतात : गोल करणारी, तिच्याकडे पक (खेळातली रबरी चकती) देणारी आणि तिच्याही आधी पक देणारी. ते पुन्हा विचारण्याचा संकोच करू नये. चुकीच्या क्रमांकामुळे एखाद्या मुलीच्या नावावरचा असिस्ट, म्हणजे गोलासाठी पक दिल्याचे श्रेय, जातो आणि सामन्यानंतर तिचे पालक टेबलाशी येतात.

माझी स्वतःची चूक निराळी होती. गोलखांबाला लागून परतलेला फटका मी ‘शॉट ऑन गोल’ म्हणून मोजत होते, त्यामुळे गोलरक्षकाच्या खात्यात तिने न अडवलेले फटके जमा होत गेले आणि तिच्या प्रशिक्षिकेने कागद हातात घेताच ते ओळखले. अडवला नसता तर गोलात गेला असता असा फटका आणि प्रत्यक्ष झालेला गोल, एवढेच मोजायचे असते. खांबाला लागलेला फटका हुकलेलाच धरतात. सीमेच्या दोरीला चेंडू नुसता टेकला तरी चार धावा लिहिण्याची सवय असलेल्या मला हे पचायला वेळ लागला.

व्यावसायिक लीगचे, म्हणजे पीडब्ल्यूएचएलचे (प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग), काही नियम स्थानिक सामन्यांत नसतात, तेव्हा ते वेगळे शिकावे लागतात. तेथे निर्धारित वेळेतील विजयाला तीन गुण, जादा वेळेतील किंवा शूटआउटमधील (बरोबरी सुटावी म्हणून एकेकीने गोलरक्षकासमोर घेतलेल्या फटक्यांतील) विजयाला दोन आणि तशा पराभवाला एक गुण मिळतो. एखादी खेळाडू नियमभंगाबद्दल दोन मिनिटांच्या पेनल्टीवर बाहेर असताना तिच्याच संघाने गोल केला, तर ती तत्काळ बर्फावर परतते. घड्याळ सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा येथे होते. साखळीत अव्वल ठरलेल्या संघाला उपांत्य फेरीचा प्रतिस्पर्धी निवडता येतो. २०२४ मध्ये टोरोंटोने मिनेसोटाला निवडले, पहिले दोन सामने जिंकले आणि पुढचे तिन्ही गमावले. मिनेसोटाने त्या वर्षीचा वॉल्टर चषक, म्हणजे लीगचे विजेतेपद, तर जिंकलाच, २०२५ मध्येही तो राखला.

नोकरीचा विचार करणाऱ्याने या खेळातील पैशाचा इतिहास मात्र बारकाईने वाचावा. कॅनडातील आधीची लीग २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये पैशांअभावी बंद पडली. खेळाडूंना मानधन मिळाले तेही अखेरच्या दोन हंगामांत. अमेरिकेत २०१५ साली निघालेली लीग २०२३ मध्ये विकत घेऊन गुंडाळण्यात आली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या पीडब्ल्यूएचएलने पहिला सामना १ जानेवारी २०२४ रोजी टोरोंटोत खेळवला, पण खेळाडूंच्या संघटनेशी २०३१ पर्यंतचा करार त्याआधीच झालेला होता. त्यात पहिल्या हंगामासाठी किमान पगार ३५,००० अमेरिकन डॉलर ठरला आणि प्रत्येक संघातील किमान सहा जणींना ८०,००० किंवा त्याहून अधिक देणे बंधनकारक झाले. माझ्या मते या लीगविषयी भरवसा वाटण्याचे कारण हा करार आहे. एप्रिल २०२४ मध्ये लीगच्या सामन्याला माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये जमलेले २१,१०५ प्रेक्षक हे त्यानंतरचे, दुय्यम कारण. लीगच्या सुरुवातीच्या सहा संघांत पुढे सिॲटल आणि व्हँकूव्हरची भर पडली, म्हणजे आकडेवारी, तिकीटविक्री आणि प्रसिद्धीची कामेही वाढली.

टोरोंटो सेप्टर्सचे, म्हणजे या लीगमधील टोरोंटोच्या संघाचे, सामने पाहायला जाल तेव्हा वरच्या रांगेतले स्वस्त तिकीट घ्यावे, कारण तेथून दोन्ही गोल नीट दिसतात. सोबत कोरा गुणतक्ता आणि पेन्सिल ठेवून फटक्यांची स्वतंत्र नोंद करावी, आणि घरी आल्यावर ती अधिकृत नोंदीशी ताडून पाहावी. माझी नोंद जवळपास जुळली ती सहाव्या सामन्यात, आणि तेव्हाही एक फटका जास्तच निघाला.