ऑलिम्पियाडचा कोणता भाग आधी करायचा?

आयओक्यूएमची, म्हणजे गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेची, तयारी सुरू केली की मुलं पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून चार जाडजूड पुस्तकं आणतात आणि पहिल्याच्या पहिल्या धड्यात अडकून बसतात. त्याऐवजी एक रविवार असा घालवा.

१. जुनी एक प्रश्नपत्रिका काढा. ३० प्रश्न, ३ तास, घड्याळ लावून. अभ्यास झालेला नसला तरी चालेल, नव्हे, नसलेलाच बरा.

२. मग प्रत्येक प्रश्नापुढे अक्षर लिहा: बी (बीजगणित), भू (भूमिती), सं (संख्या सिद्धांत), मो (मोजणीची गणितं, म्हणजे कॉम्बिनेटोरिक्स). दोन अक्षरं लागली तर दोन्ही लिहा.

३. चुकलेल्या प्रश्नांचे दोन गट करा. ‘वाट सापडली, पण मध्येच अडलो’ आणि ‘काही सुचलंच नाही’.

पहिल्या गटात जे अक्षर जास्त वेळा येईल, तिथून सुरुवात. दुसऱ्या गटाचा मोह होतो, पण तिथे महिना गेला तरी हाताला फार लागत नाही. शाळेत शेषाची गणितं फारशी होत नसल्यामुळे बऱ्याच जणांचा ‘सं’ कच्चा निघतो. तो मात्र थोड्या सरावाने पटकन वर येतो. कॅल्क्युलस इथे लागत नाही, त्यामुळे अकरावी-बारावीच्या क्लासचं ते बाड बाजूला ठेवा.

फक्त सर्वांत अलीकडची प्रश्नपत्रिका या कामाला वापरू नका. ती परीक्षेच्या आधीच्या आठवड्यासाठी न उघडता ठेवा, आणि दादाताईंना उत्तरंही विचारू नका.