केंद्र बघायला कातरवेळी जा

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आपल्या माणसाला ठेवायचं केंद्र शोधताय? मग केंद्रांची यादी करण्याआधी त्या माणसाची यादी करा. बाबांसाठी पहिली दोन केंद्रं बघून आम्ही घरी आलो, तेव्हा वहीत खोल्यांची मापं होती, महिन्याचे पैसे होते, लिफ्ट आहे-नाही होतं. बाबा कुठेच नव्हते. बाबा एस.टी.त होते, आधी कंडक्टर, नंतर स्टँडवर वाहतूक नियंत्रक. डिमेन्शिया वाढल्यावर रोज साडेपाच-सहाच्या सुमाराला ते बूट चढवून दाराशी उभे राहायचे. मुक्कामाची गाडी सोडायची असायची. तिसऱ्या केंद्रात ही गोष्ट आधी सांगितली आणि समोरचा माणूस पुढे काय विचारतो ते बघितलं. निम्मी परीक्षा तिथेच होते.

तर दोन पानं लिहून काढा. हाक काय मारलेली आवडते. उठतात कधी, आंघोळ सकाळी की संध्याकाळी, किती कढत पाण्याने. चष्मा, कवळी, कानातलं मशीन. शेवटचं वजन, वर्षभरात किती वेळा पडले, गिळताना ठसका लागतो का. सगळी औषधं, डोस आणि वेळेसकट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लघवीला जायचं असेल तर ते काय म्हणतात. बाबा म्हणतात, ‘जरा खाली जाऊन येतो.’ जन्म वाड्यात गेला, संडास खाली होते. ज्याला हे माहीत नाही तो त्यांना जिन्यापासून मागे ओढणार, ते चिडणार, आणि पाच मिनिटांनी कपडे ओले. मग फाइलवर ‘पेशंट आक्रमक आहे’ अशी नोंद पडणार.

या पानांच्या तीन-चार झेरॉक्स काढा आणि मगच फोन करायला घ्या. फोनवरच बरीच चाळण लागते. साध्या वृद्धाश्रमांना बहुधा ‘स्वतःचं स्वतः करणारे’ लोक हवे असतात, हे आधीच कळलेलं बरं. पहिला प्रश्न: सारखे फिरणारे, बाहेर पडू बघणारे पेशंट ठेवता का? दुसरा: रात्री किती माणसांमागे किती जण जागे असतात? ‘असतात’ नाही, ‘जागे असतात’, हा शब्द मुद्दाम वापरा. तिसरा: पुढे अंथरुणाला खिळले, नाकातून नळी घालावी लागली, तरी ठेवता की घेऊन जायला सांगता? तिसऱ्या प्रश्नावर पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली, तर नाव खोडून टाका. दोन वर्षांनी, आजार सगळ्यात जड झालेला असताना पुन्हा जागा शोधणं कुणाच्याच अंगात नसतं. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत विचारता येतं. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही केरळात १९९२ साली सुरू झालेली संस्था आहे, तिच्या शाखा इतर शहरांतही आहेत. तिथे भेटणारी घरची माणसं डॉक्टरांपेक्षा मोकळं बोलतात.

बघायला दोनदा जा, आणि दोघांनी जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त बघायचं. पहिली खेप वेळ ठरवून, सकाळी अकराची. ऑफिस, फी, कागद यांच्यासाठी ती ठीक. त्या वेळी सगळे न्हाऊन-पावडर लावून बसलेले असतात, त्यावर काही ठरवू नका. दुसरी खेप न सांगता आणि कातरवेळी. या आजारात दिवेलागणीला घालमेल वाढते. उजेड उतरतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा शीण आलेला असतो, आणि माणूस ‘घरी जायचंय’ म्हणून उठतो. घरातच बसलेला असला तरी. त्यात बारा तासांच्या ड्युट्या असतील तर साधारण आठच्या आसपास माणसं बदलतात. तोवर थांबा. दिवसवाली मावशी रात्रवालीला काय सांगते ते कान देऊन ऐका. ‘सगळं ठीक आहे’ एवढंच, की ‘पाटलांच्या आजींनी दुपारचं दूध घेतलं नाही, बघ जरा’? (आम्हाला ‘आतल्यांना त्रास होतो’ सांगून संध्याकाळी फाटकातूनच परत पाठवणारं एक केंद्र भेटलं. तिथे परत गेलो नाही.)

एका ठिकाणी पाच वाजता पोचलो. फरशी लखलखीत, फिनेलचा वास, टीव्हीवर मालिका. समोर अर्धगोलात अकरा खुर्च्या, अकरा माणसं, आणि अकराही हनुवट्या छातीला टेकलेल्या. ‘आमच्याकडे सगळे शांत असतात हो,’ बाई कौतुकाने म्हणाल्या. भावाला ती जागा आवडली होती. मला परतीच्या रिक्षात आठवत राहिलं की आम्ही दहा मिनिटं तिथे उभे होतो आणि एकानेही मान वर करून बघितलं नाही.

दुसरीकडे गोंधळ होता. एक आजी त्याच चार नॅपकिनांच्या घड्या घालत होत्या. घड्या झाल्या की मावशी ते आत नेऊन विस्कटून परत आणून ठेवायच्या. एक आजोबा मोठ्याने हिशोब करत होते. बाबांना आम्ही तासाभरासाठी बरोबर नेलं होतं. त्यांनी नेमाने सहाला बूट मागितले. नांदेडकडच्या त्या मावशी म्हणाल्या, ‘मुक्कामाची लेट हाय साहेब, अजून फाट्यावरच हाय. च्या घ्या तवर.’ बाबा बसले. चहा बशीत ओतून प्यायले. हे प्रशिक्षणाने येतं की स्वभावाने, मला सांगता येणार नाही, पण बघितल्यावर ओळखू येतं.

‘शांत’ हा शब्द आला की औषधांचा विषय काढायचाच. क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल यांसारख्या मनोविकारावरच्या (अँटिसायकोटिक) गोळ्या काही वेळा खरंच लागतात. भास होतात, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतो, तेव्हा. पण डिमेन्शिया असलेल्या वयस्कांमध्ये या प्रकारच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली नव्या पिढीच्या गोळ्यांसाठी आणि २००८ साली जुन्या पिढीच्या गोळ्यांसाठीही त्यांच्या माहितीपत्रकात छापायला लावला. म्हणून विचारा: अशी गोळी कोण लिहून देतं, सुरू करण्याआधी घरी फोन येतो का, आणि ती कमी करायची का हे पुन्हा कधी बघतात? ‘रात्री झोपावं म्हणून आम्हीच अर्धी देतो’ हे उत्तर मी स्वतः ऐकलंय. अचानक वाढलेल्या गोंधळामागे कधी लघवीचा संसर्ग असतो, कधी बद्धकोष्ठ, कधी दुखणारी दाढ, जी सांगता येत नाही. चांगल्या केंद्रातला माणूस गोळीआधी ही नावं घेतो.

बांधून ठेवणं थेट विचारलं तर सगळे ‘नाही’च म्हणतात. त्यामुळे बोलणाऱ्याने बोलत राहावं आणि बघणाऱ्याने मनगटं बघावीत, खुर्च्यांचे हात बघावेत, खाटेच्या कठड्याला लोंबणारी ओढणी बघावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९७ नुसार माणसाला बांधणं हा अगदी शेवटचा उपाय आहे. तत्काळ इजा टाळायला दुसरा मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे पेशंटच्या वतीने नेमलेल्या माणसाला, चोवीस तासांत कळवून. हे बंधन या कायद्याखाली येणाऱ्या केंद्रांवर असतं, म्हणून केंद्राची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे हे विचारा आणि प्रमाणपत्र डोळ्यांनी बघा. भिंतीवरचे सत्काराचे फोटो म्हणजे नोंदणी नव्हे.

इमारतीबद्दल थोडक्यात. संडास खाटेवरून दिसतो का, दारावर चित्र आहे का, धरायला दांडी आहे का. जमिनीवर काळं पायपुसणं नको, या आजारात ते खड्ड्यासारखं दिसतं आणि माणूस उंबऱ्यातच अडतो. मोठे आरसे नकोत, त्यात परका माणूस दिसतो. फाटक बंद हवं, पण आत गोल फिरून यायला जागा हवी. बाकी ग्रॅनाइट आणि कारंजं तुमच्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही.

जेवणाची वेळ मात्र चुकवू नका. ताट पुढे ठेवून तासाभराने उचलून नेतात, की कुणी शेजारी बसतं? भरवताना माणूस ताठ बसलेला आहे ना? आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. ठसका लागणाऱ्यांना पातळ पदार्थ दाट करून देतात का? वजनाचं रजिस्टर मागा. दर महिन्याला वजन लिहिलेलं असेल तर ते बाकीच्या दहा प्रश्नांची उत्तरं देतं. आणि भाषा. नंतर शिकलेल्या भाषा बहुधा आधी जातात, आईची भाषा मागे राहते. चाळीस वर्षं ऑफिसात इंग्रजी बोललेल्या माणसालाही शेवटी ‘भूक लागली’ हे मराठीतच म्हणावंसं वाटू शकतं. ते समजणारं निदान एक माणूस दर पाळीत हवं.

कागदांची तयारी शक्य तितकी लवकर करा, म्हणजे सही समजून करता येते तोवर. सगळे मुखत्यारपत्राच्या भरवशावर असतात. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे देणारा माणूस विकलमनस्क झाला, म्हणजे त्याला समजून निर्णय घेता येईनासा झाला, की नेहमीचं मुखत्यारपत्र संपतं. डिमेन्शियासाठी पालक नेमून देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, मग उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून बँक खातं वेळेत संयुक्त करा, नॉमिनी तपासा, इच्छापत्र उरकून घ्या. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला केंद्रात बसून देता येईल का बघा. सरकारी पेन्शनरांचा नोव्हेंबर ठरलेला असतो. बाबांसारख्या ईपीएस-९५ (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) वाल्यांना तो वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. बाबांचे अंगठे झिजलेत, मशीन घेत नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, फक्त पापणी मिटवा म्हटलं की ते दोन्ही डोळे गच्च मिटून बसतात. सातव्या खेपेला झालं.

करारात महिन्याची फी सोडून काय काय लागतं ते लिहून घ्या: डायपर, डॉक्टरांची भेट, फिजिओ, वेगळी आया. आम्ही बघितलेल्या एका ठिकाणी हे सगळं मिळून फीच्या निम्म्याइतकं होत होतं. नेहमीचा आरोग्यविमा केंद्रात राहण्याचे पैसे देत नाही, हे धरूनच चाला. डिपॉझिट परत कधी, रात्री दोन वाजता हॉस्पिटलात न्यायचं झालं तर बरोबर कोण जाणार, आणि मुलं परदेशात असतील तर गावातलं कोण सही करणार, हेही त्यातच.

सगळं पटलं तर महिनाभर ठेवून बघा आणि पहिल्या दिवशी थोडंच सामान न्या. वापरातली गोधडी, धुवायला न टाकलेली. मोठ्या अक्षरांचं घड्याळ. तरुणपणचे फोटो, कारण आताच्या फोटोतला म्हातारा त्यांना ओळखू येत नाही. सोनं, अंगठी घरीच ठेवा. प्रत्येक कपड्यावर नाव शिवून घ्या, मार्करचं धुण्यात जातं. कवळीची डबी, चष्म्याची दांडी आणि चपलांवरही नाव घाला. पहिल्या पंधरा दिवसांत बाबांच्या पायात तीन वेगवेगळ्या जणांच्या चपला पाहिल्या. त्यांचे बूट मावशींनी कपाटात वर ठेवलेत, सहाला काढून देतात.