या चुका टाळा: आयडीएसचे अलर्ट स्क्रिप्टने वाचताना

स्नॉर्ट या आयडीएसच्या (नेटवर्कवरची घुसखोरी ओळखणारी प्रणाली) अलर्ट फाइलीतल्या पहिल्या वीस ओळी बघायच्या, त्यांवर रेगेक्स (मजकूर जुळवायचा साचा) बसवायचा आणि ‘झालं’ म्हणायचं, ही घाई काही सुटत नाही. त्या वीस ओळी बहुधा टीसीपीच्याच असतात. म्हणून रेगेक्सही तसाच बनतो: आयपी, कोलन, पोर्ट, बाण, पुन्हा आयपी, कोलन, पोर्ट. फास्ट फॉरमॅटमध्ये (एका ओळीत एक अलर्ट) आयसीएमपीच्या, म्हणजे पिंग ज्यावर चालतं त्या प्रोटोकॉलच्या, ओळीला पोर्ट नसतोच. ती ओळ जुळत नाही, आणि खाली कुणीतरी ‘जुळलं नाही तर कंटिन्यू’ (ओळ सोडून पुढे जा) लिहून ठेवलेलं असतं.

मग काय होतं? रात्रभर कुणीतरी नेटवर्कवर पिंग स्वीप (एकामागून एक पत्त्यांना पिंग करणं) चालवतं, स्नॉर्ट इमानेइतबारे अलर्ट लिहितो आणि सकाळच्या रिपोर्टात शून्य. आधी संशय सेन्सरवर (स्नॉर्ट चालतो त्या मशीनवर) जातो, मग रूल्सवर (अलर्ट कधी द्यायचा ते सांगणाऱ्या नियमांवर). स्पॅन पोर्ट (सेन्सरला ट्रॅफिकची प्रत देणारा स्विचचा पोर्ट) तपासला जातो, सेन्सर दोनदा रीस्टार्ट होतो. अलर्ट फाइल नुसती उघडून बघायचं कुणाला सुचत नाही, कारण ‘ते काम स्क्रिप्ट करते’. दोष त्या एका कंटिन्यूचा.

रेगेक्समध्ये पोर्ट ऐच्छिक ठेवा. क्लासिफिकेशनचा कंसही ऐच्छिकच हवा: रूलमध्ये क्लासटाइप (अलर्टचा वर्ग) नसेल तर स्नॉर्ट तो कंस छापतच नाही, सुरिकाटा (असंच दुसरं आयडीएस) त्याच्या आत ‘नल’ छापतं. आणि न जुळलेली प्रत्येक ओळ जशीच्या तशी वेगळ्या फाइलीत टाका. शेवटी तीन आकडे छापा: वाचलेल्या, समजलेल्या, नाकारलेल्या. नाकारलेल्या शून्य नसतील तर रिपोर्ट पुढे पाठवूच नका. वरवर कटकट वाटते, पण रेगेक्स कुठे तोकडा पडतो ते ही फाइल दोन दिवसांत दाखवते.

आयपीव्ही६च्या पत्त्यातच कोलन असतात, त्यामुळे ते आलं की कोलनवर ओळ तोडणाऱ्यांची फजिती ठरलेली. पोर्टसाठी शेवटचा कोलन धरा, पण कुरळ्या कंसात टीसीपी किंवा यूडीपी असेल तरच. पोर्ट छापलेलाच नसेल तर शेवटचा कोलन पत्त्याचाच असतो.

आता वेळ. स्नॉर्टच्या टाइमस्टॅम्पमध्ये मुळात वर्ष नसतं, फक्त महिना, दिवस आणि मायक्रोसेकंदांपर्यंतची वेळ. पायथनच्या स्ट्रपटाइमला (मजकुरातून तारीख वाचणारं फंक्शन) वर्ष दिलं नाही की ते १९०० धरतं. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे २९ फेब्रुवारीची पहिली ओळ आली की स्क्रिप्ट आडवी. वर्ष नंतर ‘रिप्लेस’ने घालण्याची क्लृप्ती इथे कामाची नाही, कारण गाडी त्याआधीच अडलेली असते, वर्ष मजकुरातच आधी जोडा. तेही डोळे झाकून चालू वर्ष नको, नाहीतर १ जानेवारीला वाचलेले ३१ डिसेंबरचे अलर्ट वर्षभर पुढचे दिसतील. फाइलीच्या शेवटच्या बदलाचं वर्ष धरा, आणि अलर्टचा महिना त्या बदलाच्या महिन्यापेक्षा पुढचा निघाला तर ते एकने कमी करा. त्याहून सोपं म्हणजे स्नॉर्ट ‘-वाय’ देऊन चालवा. वर्ष तोच छापेल.

सुरिकाटाची ईव्ह फाइल (जेसन या डेटा फॉरमॅटमधला लॉग) अख्खी एका जेसन पार्सरच्या गळ्यात घालू नका. तिथे प्रत्येक ओळ स्वतंत्र जेसन असते, आणि डीएनएस, फ्लो, स्टॅट्स हे सगळं त्याच फाइलीत येतं. इव्हेंट टाइप ‘अलर्ट’ असलेल्याच ओळी घ्या.

चालू फाइल वाचताना शेवटी नवी ओळ सुरू झाल्याची खूण नसेल तर ती ओळ अजून अर्धी लिहिलेली आहे. पुढच्या फेरीपर्यंत राखून ठेवा. रोटेशननंतर (जुनी लॉग फाइल बाजूला ठेवून नवी सुरू झाल्यावर) लहान एफचं साधं ‘टेल -एफ’ जुन्याच फाइलीला चिकटून बसतं, मोठा एफ वापरा. स्वतःची स्क्रिप्ट असेल तर आयनोड (फाइलीचा अंतर्गत क्रमांक) आणि ऑफसेट (कुठवर वाचलं ते) दोन्ही साठवा; आयनोड बदलला, किंवा फाइल ऑफसेटपेक्षा लहान झाली, तर शून्यापासून वाचा.

प्रायॉरिटी १ म्हणजे सर्वांत गंभीर. उलटी क्रमवारी लावणारे दर वेळी भेटतात.

नुसत्या एसआयडीवर (रूलचा क्रमांक) गट करू नका, अलर्ट कोणत्या घटकाने दिला ते सांगणारा जीआयडी सोबत, म्हणजे आधी, हवा: ११६:१ आणि १२९:१ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रिव्हिजन मात्र गटात नको, रूल अपडेट झाला की तोच अलर्ट नवा वाटतो.

आणि अलर्ट दिसला की सोर्स आयपी फायरवॉलमध्ये टाकणारी स्क्रिप्ट तर नकोच. अटॅक रिस्पॉन्स वर्गातले रूल्स सर्व्हरच्या उत्तरावर लागतात. २१००४९८ क्रमांकाचा रूल घ्या: ‘आयडी’ कमांडचं रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) असलेलं उत्तर बाहेर पडताना तो वाजतो, म्हणजे सोर्स तुमचाच, बहुधा फुटलेला सर्व्हर असतो आणि हल्लेखोर डेस्टिनेशनच्या रकान्यात. यूडीपीत तर सोर्स खोटा घालता येतो. तुमच्याच डीएनएस रिझॉल्व्हरच्या (साइटच्या नावावरून आयपी शोधणारा सर्व्हर) नावाने चार पॅकेट आले की तुमची स्क्रिप्ट सगळ्यांचं इंटरनेट बंद करून मोकळी. ब्लॉक करायचंच असेल तर निवडक रूल्सची यादी हाताने लिहा, प्रत्येकापुढे कोणता रकाना हल्लेखोराचा ते नोंदवा, आणि स्वतःचे सर्व्हर, गेटवे, रिझॉल्व्हर कधीही ब्लॉक न करायच्या यादीत आधी टाका.