दारू आणि गाडी : नागपूरकरांनो, या चुका टाळा

धुळवडीला, ३१ डिसेंबरला आणि शनिवारच्या रात्री नाकाबंदीत सापडणारी माणसं बहुधा दोनच गोष्टी सांगतात. एक, ‘फक्त एकच घेतली होती.’ दुसरी, ‘बाटली तर मागच्या सीटवर होती.’ दोन्ही वाक्यं खरी असू शकतात आणि तरी माणूस अडकतो. कारण रक्तातली दारू आणि गाडीतली दारू यांसाठी कायदे वेगवेगळे आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो.

‘एका पेगने काय होतं?’

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. ही मर्यादा फार खाली आहे. हिशोब करून पाहा. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ६० मिलीच्या मोठ्या पेगात त्यामुळे साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने ४० मिलिग्रॅमच्या आसपास आकडा येतो. म्हणजे एकाच मोठ्या पेगात मर्यादा ओलांडली. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली त्याच माणसाला ८५ च्या जवळ नेते. ‘बिअरच तर आहे’ म्हणणारे इथेच चुकतात, कारण त्या एका बाटलीत दोन मोठ्या पेगांइतकी दारू असते. ५५ किलोच्या बाईला ३० मिलीचा छोटा पेगही काठावर आणून ठेवतो.

हे सगळे ढोबळ अंदाज आहेत. वजन, पोटातलं अन्न, पिण्याचा वेग यांनी आकडा हलतो. त्यामुळे ‘मला किती चालते’ हे गणित चावी खिशात ठेवून करूच नका. ज्याला गाडी चालवायची आहे त्याचा आकडा शून्य.

सावजी जेवण, खर्रा, लिंबूपाणी

पोटभर सावजी मटण खाल्लं की चढत नाही, हा समज धोक्याचा आहे. जेवणामुळे दारू रक्तात हळू मिसळते, पण बरीचशी मिसळतेच. उलट टेबलावरून उठताना ठीक वाटतं आणि अर्ध्या-पाऊण तासाने, गाडी चालू असताना, आकडा चढत असतो. खर्रा, बडीशेप किंवा पान तोंडाचा वास झाकतं. नाकाबंदीत फुंकायला लावतात ते यंत्र मात्र फुप्फुसातून येणाऱ्या हवेतली दारू मोजतं, आणि ती रक्ताशी जोडलेली असते. काळ्या कॉफीने झोप उडते, आकडा तसाच राहतो. उलटी, थंड पाण्याने आंघोळ, लिंबूपाणी यांनीही रक्तातली दारू उतरत नाही.

ती उतरते फक्त यकृतामुळे, तेही तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने. यकृताला घाई करायला लावणारं कोणतंही औषध दुकानात मिळत नाही.

सकाळची चूक होते ती यामुळेच. रात्री साडेबारापर्यंत चार मोठे पेग झाले, तर ७० किलोच्या माणसाचा आकडा १५० च्या पुढे जाऊ शकतो. ३० च्या खाली यायला आठ-नऊ तास लागतात. सकाळी सात वाजता मुलांना शाळेत सोडायला निघालेला हा बाप स्वतःला शुद्धीवर समजतो. कायद्याच्या दृष्टीने तो अजून प्यायलेलाच आहे, आणि मागे मुलं बसलेली आहेत.

गाडीतली बाटली

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत चालत्या गाडीत उघडी बाटली असणं हाच गुन्हा आहे. मोबाइलवर तसले व्हिडिओ पाहून अनेकांना वाटतं की इथेही सीलबंद असलं की सगळं माफ. आपल्या मोटार वाहन कायद्यात उघड्या बाटलीसाठी असं वेगळं कलम नाही. पण महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. बिअर-वाइनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५. वाइन शॉपमध्ये एक दिवसाचा परवाना मिळतो, तो घ्या आणि बाटलीच्या बिलासोबत ठेवा.

परवाना असला तरी रस्त्याकडेला गाडी उभी करून, काचा वर करून पिता येत नाही. फुटाळ्याला किंवा रिंग रोडला हे सर्रास चालतं आणि ‘गाडी माझी, खासगी जागा’ असा युक्तिवाद होतो. बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावरची खासगी गाडी सार्वजनिक जागेतच मोडते. तो निकाल बिहारच्या कायद्यावरचा आहे, पण तुमच्या बचावाला इथेही त्याने खिंडार पडतं.

परमिट रूम नसलेल्या ढाब्यावर बसणंही तसंच. धाड पडली तर दारूबंदी अधिनियमाचं कलम ६८ मालकावर आणि कलम ८४ पिणाऱ्यांवर लागतं. ‘मी फक्त गिऱ्हाईक आहे’ हे तिथे चालत नाही.

नागपूरच्या लोकांची सगळ्यात महागडी चूक मात्र जिल्ह्याच्या हद्दीवर होते. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. समृद्धी महामार्ग शिवमडक्याहून निघाला की पुढे वर्धा जिल्ह्यात शिरतो. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली, पण बुटीबोरी-जाम मार्गे ताडोबाला जाताना वर्धा जिल्हा ओलांडावाच लागतो. डिकीत नागपूरच्या दुकानातली सीलबंद बाटली असली तरी त्या पट्ट्यात ती अडचणीची ठरते. तसंच पेंचहून, खवासा किंवा सौंसरच्या बाजूने परतताना मध्य प्रदेशातली स्वस्त बाटली आणू नका. तिच्यावर महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो, आणि एक दिवसाचा परवाना तिला लागू होत नाही.

नाकाबंदीत थांबवलं तर

गाडी वळवून पळू नका. त्यात बॅरिकेडला, पोलिसाला किंवा मागून येणाऱ्याला धडक बसते आणि साध्या प्रकरणाचं मोठं प्रकरण होतं.

फुंकण्याआधी यंत्राची नळी नवी, पाकिटातली आहे का ते पाहा, नसेल तर मागा. कुणी फुंकण्याआधी यंत्र शून्य दाखवतं का तेही बघा. माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेलं औषध नुकतंच घेतलं असेल तर लगेच सांगा आणि १५-२० मिनिटांनी पुन्हा चाचणी मागा. तोंडात राहिलेला अंश तोवर उडून जातो. खरंच प्यायलेल्याचा आकडा मात्र १५ मिनिटांत खास बदलत नाही. छापील पावतीवरची तारीख, वेळ आणि आकडा वाचा, फोटो काढा.

फुंकायला नकार देणं ही वकिली चलाखी समजली जाते. दारूचा वाजवी संशय असताना नकार दिला तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि विनाकारण दिलेला नकार कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येतो. अटक झाल्यावर दोन तासांत डॉक्टरांकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. अटकेची वेळ लिहून ठेवा. महिलेचं रक्त पुरुष डॉक्टर घेत असेल तर तिथे दुसरी महिला हजर असणं बंधनकारक आहे.

गाडी सुरू करायचा प्रयत्नही कलम १८५ मध्ये येतो. ‘अजून निघालोच नव्हतो’ म्हणून सुटका होईलच असं नाही. स्कूटरही तितकीच येते.

नंतरच्या चुका

हे प्रकरण ऑनलाइन चालान भरून मिटत नाही. ते कोर्टातच जातं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. ‘मी मिटवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. तारीख चुकवलीत तर समन्स आणि मग वॉरंट येतं. गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाला पावती दाखवा, कारण कबुलीनंतर पुढचा प्रसंग ‘दुसरा गुन्हा’ म्हणून मोजला जातो. लायसन निलंबित झालं तर त्या काळात गाडी चालवणं हा आणखी एक गुन्हा.

विम्याकडे कुणाचं लक्ष नसतं. दारूच्या अमलाखाली अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. यंत्राची पावती नसतानाही परिस्थितीवरून तसं ठरवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केलं आहे. समोरच्याला दिलेली भरपाईही कंपनी तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. त्या अपघातात कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू), आणि प्रसंगी त्याहून कठोर कलम १०५ (सदोष मनुष्यवध).

प्यायलेल्या मित्राच्या हातात चावी देणारा, ‘चल, जवळच तर आहे’ म्हणणारा हाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १८८ खाली अडकू शकतो. तेव्हा पार्टी ठरवतानाच चावी कुणाकडे राहणार ते ठरवा, आणि तो माणूस ‘कमी पिणारा’ नको, न पिणारा हवा. तसा कुणी नसेल तर गाडी घरी ठेवून ऑटो किंवा कॅबने जा. गाडी नेलीच असेल तर ती तिथेच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी, दुपारनंतर घेऊन या.