खोक्यांचा सौर कुकर: आरशाआधी फटी बघा

घरी केलेल्या सौर कुकरमध्ये भात कच्चा राहिला की बहुतेक जण आणखी एक आरसा लावायच्या मागे लागतात. खरी चूक बहुधा झाकणाच्या फटीत असते. दोरीएवढ्या फटीतूनही गरम हवा निघून जाते आणि पेटी ७०-८० अंशांपुढे जात नाही. नीट बंद झालेली पेटी स्वच्छ उन्हात १०० अंशांच्या आसपास पोचते.

दोन पुठ्ठ्याची खोकी घ्या. बाहेरचं साधारण ५०×५० सेंमी आणि २८ सेंमी उंच, आतलं ३८×३८ आणि २० सेंमी उंच. बाहेरच्या खोक्याच्या तळाशी पुठ्ठ्याचे ठोकळे ठेवून त्यावर आतलं असं बसवा की दोघांच्या कडा एका पातळीत येतील. मधल्या जागेत चुरगळलेली रद्दी किंवा सुकं भाताचं तूस भरा. दाबून ठासू नका, कारण उष्णता अडवते ती मधे अडकलेली हवा. थर्माकोल नको, तो या तापमानाला मऊ पडून आक्रसतो. वरची मोकळी जागा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी बंद करा.

आतल्या बाजूंना पातळ केलेल्या फेविकॉलने अॅल्युमिनियम फॉइल चिकटवा. पिठाच्या खळीला झुरळं लागतात, आणि चिकटपट्टीचा गोंद उन्हात सुटतो. तळाला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून घाला. त्याला फळ्याचा काळा रंग द्या. चकचकीत रंग ऊन परत फेकतो. पत्र्याखाली पुठ्ठ्याचे चार तुकडे ठेवा.

झाकणासाठी जुन्या खिडकीची ४ मिमी साधी काच, ४२×४२ सेंमी. कडा ओल्या पॉलिशपेपरने घासून घ्या. काच जिथे टेकते तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावा. मग रात्री आत पेटती बॅटरी ठेवून काचेवर घोंगडी टाका. कडेने उजेड दिसेल तिथे फट आहे.

मागच्या कडेला कापडी बिजागरीवर फॉइल लावलेला पुठ्ठा उभा करा, हाच ऊन पेटीत वळवणारा आरसा. महाराष्ट्रात डिसेंबरच्या दुपारी तो जवळजवळ सरळ उभा चालतो. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा तो मागे कलवावा लागतो. तो आधाराने नीट अडकवा, नाहीतर वाऱ्याने काचेवर आपटतो.

पहिले दोन दिवस पेटी रिकामी तापवा. रंगाचा वास जातो, पुठ्ठ्यातला ओलावा काचेवर जमतो. तो पुसत राहा.

भांडं पातळ अॅल्युमिनियमचं, झाकणाचं, बाहेरून काळं रंगवलेलं. आतून रंग अजिबात नको. एक वाटी तांदळाला दीड-पावणेदोन वाट्या पाणी पुरतं, कारण वाफ फारशी निघून जात नाही. साडेदहाला ठेवा, दीड-दोन तास द्या. तूरडाळ आधी तासभर भिजवा, मीठ-चिंच नंतर घाला. दर अर्ध्या तासाने पेटी सूर्याकडे वळवा. मधेच उघडून बघितलंत की पेटी पुन्हा तापायला पंधरा-वीस मिनिटं जातात.

राजमा मात्र यात शिजवू नका. त्यातलं विषारी द्रव्य जायला खळखळती उकळी लागते. मंद आचेवर ते तसंच राहतं.