सात-आठ फुटी दार आणि मोटरहोम: या चुका टाळा

आमची व्हॅन पहिल्यांदा गॅरेजात शिरली तेव्हा घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन आठवड्यांनी बाहेर काढायला गेलो, तर डोक्यावर कर्रर्र आवाज आला आणि माझा पाय ब्रेकवर थिजला. दार तेच, गाडी तीच, चालवणारा मीच. मग बदललं काय? आत शिरली तेव्हा ती स्मोकी माउंटन्सहून परतली होती. पोटात 30 गॅलन पाणी, चार माणसं, सायकली, डबे, चादरी. आत आल्यावर आम्ही सगळं उतरवलं, टाकी रिकामी केली आणि वर शहाणपणा म्हणून टायरमध्ये हवाही पुरती भरली. 30 गॅलन पाणी म्हणजेच सुमारे 250 पौंड, साधारण 113 किलो. ओझं उतरलं तशी गाडी स्प्रिंगांवर उचलली गेली. इंच-सव्वा इंच. तेवढं पुरलं.

अमेरिकेत राहून आरव्ही, म्हणजे मोटरहोम, चाकांवरचं घर, घेणाऱ्या मराठी मंडळींकडून आता एकच प्रश्न सारखा येतो: घरच्या गॅरेजात मावेल का? कारण बाहेर ठेवायची सोय नसते. बऱ्याच कॉलन्यांतली एचओए, म्हणजे आपल्या सोसायटी कमिटीचा थोरला भाऊ, ड्राइव्हवेवर आरव्ही एक-दोन दिवसांच्या वर उभी राहू देत नाही. म्हणून लोक टेप घेऊन गॅरेजात जातात आणि तिथूनच चुका सुरू होतात.

माहितीपत्रकातली उंची खरी मानणे

जुन्या घरांत गॅरेजचं दार साधारण 7 फुटांचं, म्हणजे 84 इंच. नव्या घरांत बरेचदा 8 फुटांचं, 96 इंच. आता गाड्या बघा. फोर्ड ट्रान्झिटचं बुटकं छत सुमारे 83 इंच, मधलं सुमारे 100, उंच सुमारे 110. रॅम प्रोमास्टरचं बुटकं सुमारे 90, उंच सुमारे 101. मर्सिडीज स्प्रिंटरचं साधं छतच 96-97 इंचांच्या घरात. हे सगळे आकडे कंपनीतून निघालेल्या कोऱ्या व्हॅनचे. तिचं घर बनवताना छतावर जे चढतं ते यात नाही. छतातून हवा बाहेर फेकणारा व्हेंट फॅन झाकण मिटलेलं असतानाही 4-5 इंच वर राहतो. एसी चांगले 10 ते 14 इंच घेतो. त्यात सोलर पॅनेल, त्याच्या पट्ट्या, ताडपत्रीचा रोल. मोठ्या क्लास सी गाडीला, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर खोली बांधलेल्या मोटरहोमला, 10 ते 12 फूट लागतात, तिची गोष्टच सोडा. तिच्यासाठी लोक 14 फुटी दाराचं वेगळं गॅरेज बांधतात.

'पॉप-टॉप' या शब्दालाही भुलू नका. छत उघडतं-मिटतं म्हणजे मिटल्यावर गाडी बुटकी असेलच असं नाही. विनेबेगो सोलिस पॉप-टॉपवालीच आहे, पण ती उंच प्रोमास्टरवर बांधलेली, मिटलेल्या छतानिशी 9 फुटांच्या वर. उलट मर्सिडीज मेट्रिसची मूळ उंची 75 इंचांच्या आसपास. तिच्यावरच्या पॉप-टॉप गाड्या 7 फुटी दारातून जायच्या. 2023 नंतर मेट्रिस अमेरिकेत बंद झाली, आता जुनीच शोधावी लागते.

आम्ही बुटक्या छताची प्रोमास्टर घेतली. आत ताठ उभं राहता येत नाही, पोळ्या लाटायच्या तर बसून. 90 अधिक फॅनचे 5, झाले 95. दार 96 इंचांचं. कागदावर एक इंच उरत होता आणि मला तो भरपूर वाटला.

दाराच्या चौकटीचं माप घेणे, उघड्या दाराचं नाही

तो इंच कुठे गेला ते नंतर कळलं. दार उघडल्यावर फळ्या आडव्या होऊन छताखाली सरकतात, पण सगळ्यात खालची फळी बरेचदा पूर्ण वर जात नाही. तिची रबरी पट्टी चौकटीत अर्धा-एक इंच लोंबते. कुठे दोन-तीन इंचही. म्हणून माप चौकटीचं घेऊ नका. दार मोटरने पूर्ण उघडा आणि जमिनीपासून जे सगळ्यात खाली लटकतंय तिथपर्यंत मोजा. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, तिन्ही ठिकाणी, कारण गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून किंचित उताराची असते. सगळ्यात छोटं माप तुमचं.

मजेची गोष्ट अशी की दार उघडल्यावर त्याची बाहेरची बाजू खाली येते. शोभेसाठी लावलेल्या लोखंडी कड्या आणि मुठी आता गाडीच्या छताकडे तोंड करून लटकतात. त्या काढायला पाच मिनिटं लागतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

खालची फळी थोडीच लोंबत असेल तर मोटरवरचं 'वर किती जायचं' हे सेटिंग वाढवून काम होऊ शकतं. तेवढं घरी करता येतं. मात्र रुळाच्या टोकाला दार आदळणार नाही एवढी जागा आहे ना, ते बघत बघत, थोडं थोडं.

गाडीची उंची मोजताना डोळ्याचा अंदाज चालत नाही. सपाट जागी उभी करा, छतावरच्या सगळ्यात उंच वस्तूवर लांब सरळ पट्टी ठेवा, पट्टीवर पाणसळ, आणि पट्टीच्या बाहेर आलेल्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडा. टाकी रिकामी, सामान उतरलेलं, टायर पूर्ण भरलेले. म्हणजे गाडी जास्तीत जास्त जितकी उंच होऊ शकते तितकी.

ड्राइव्हवेचा उतार विसरणे

सगळ्यात जास्त छतं इथे सोलली जातात, कारण दोन्ही मापं बरोबर घेऊनही गाडी अडते.

समजा ड्राइव्हवे गॅरेजकडे उतरतोय, तळघरातल्या गॅरेजात असतो तसा, दर 10 फुटांना 1 फूट. गाडी लांब ट्रान्झिट, दोन चाकांमधलं अंतर सुमारे 148 इंच. पुढची चाकं दाराच्या आत 74 इंच गेली, मागची अजून 74 इंच बाहेर आहेत. म्हणजे मागची चाकं गॅरेजच्या फरशीपेक्षा 7.4 इंच वर. दाराची रेषा बरोबर मध्ये, तर तिथे गाडी त्याच्या निम्मी उचललेली: 3.7 इंच. सपाट जागेवर घेतलेलं तुमचं माप त्या क्षणी पावणेचार इंचांनी खोटं ठरलं. पुढे सरकलात की गाडी पुन्हा खाली बसते, पण मध्ये छत गेलेलं असतं. आणि हा फुगवटा चाकांच्या मधोमध सगळ्यात जास्त असतो. व्हॅन सजवणारे फॅन नेमका तिथेच बसवतात. गाडी अजून बनतेय आणि घर असं उताराचं आहे, तर फॅन जमेल तितका पुढच्या किंवा मागच्या चाकांकडे सरकवून घ्या.

आता उलटा प्रकार, ड्राइव्हवे गॅरेजकडे चढतोय. हा जास्त आढळतो. इथे दाराच्या रेषेवर गाडीचं पोट खाली येतं, छताला जागा मिळते, म्हणून लोक निर्धास्त असतात. मग कुणीतरी सुचवतं, रिव्हर्समध्ये घाल, म्हणजे निघताना सोपं. मागच्या चाकांच्या मागे व्हॅनचा चार-पाच फुटांचा भाग बाहेर आलेला असतो. 10 टक्के चढावर मागची चाकं उंबऱ्याला टेकतात तेव्हा ही शेपटी गॅरेजच्या आत, फरशीच्या हिशेबाने 5 ते 6 इंच वर असते, नेमकी उघड्या दाराच्या फळ्यांखाली. एसी मागे असेल तर विचारूच नका. नाकाने आत गेलात तर हा त्रास जवळपास होत नाही, कारण पुढच्या चाकांपुढे बॉनेट असतं, छत तिथून मागे सुरू होतं. चढावरच्या गॅरेजात तोंड आत, शेपटी बाहेर.

उतार मोजायला फोनमधली पाणसळ पुरते. शंका असेल तर छतावरच्या सगळ्यात उंच वस्तूवर इंचभर जाडीचा स्पंज चिकटवा, एक माणूस शिडीवर बाजूला उभा करा आणि मुंगीच्या गतीने आत या. स्पंज दबला तर थांबा.

थंड प्रदेशात आणखी एक भानगड. ड्राइव्हवेवर दाबून बसलेला बर्फ म्हणजे गाडीखाली घातलेला पाटच. शिवाय जमीन गोठली की दाराबाहेरचा काँक्रीटचा तुकडा फुगून वर येतो, गॅरेजची फरशी जागेवरच राहते. ऑक्टोबरात घातलेली गाडी जानेवारीत त्याच मापाने निघेल ही खात्री नाही. ड्राइव्हवेवर डांबराचा नवा थर घातला असेल तर पुन्हा टेप काढा.

चुकीच्या वस्तूवर पैसे घालणे

मोटर भिंतीवर बसवून मिळते, म्हणजे गॅरेजच्या मधोमध लटकणारं धूड जातं. छान वस्तू आहे. गाडी आत गेल्यावर तिचं छत त्या धुडाला लागत असेल तर घ्याच. पण ती घेऊन दाराची उंची एका सुतानेही वाढत नाही, आणि लोक त्याच आशेने घेतात. रूळ उंच करून फळ्या छताजवळ नेणारं 'हाय-लिफ्ट' हेही तसंच: लोंबणाऱ्या फळ्यांचा प्रश्न सुटतो, चौकट आहे तेवढीच राहते. हे काम स्वतः करू नका. दारावरच्या आडव्या दांड्यावरच्या टॉर्शन स्प्रिंगमध्ये अख्ख्या दाराचं वजन पेलणारा जोर गुंडाळलेला असतो, तो सुटला तर हात जातो.

चौकटच वाढवायची? वर लिंटेलची तुळई असते, तिच्यावर छताचा किंवा वरच्या खोल्यांचा भार. इंजिनिअर, परवाना, आणि मुळात गॅरेजचं छतच 8-9 फुटांवर असेल तर वर जायला जागा कुठे? फरशी खणून खाली जाण्याची कल्पनाही ऐकली आहे. पाया उघडा पडतो, पावसाचं पाणी आत येतं. नाकापेक्षा मोती जड. त्यापेक्षा फॅनचं झाकण बुटकं घ्या, किंवा गाडी भाड्याच्या जागेत ठेवा.

रुंदी आणि लांबी लोक विसरतात ती उंचीच्या नादात. ट्रान्झिट आरशांसकट 97 इंचांच्या आसपास आहे आणि एकेरी दार 96 इंचांचं असू शकतं. आरसे मिटवा. मागचा बंपर दाराजवळच्या सेन्सरच्या किरणात आला तर दार अर्ध्यावरून परत वर जातं. अमेरिकेत 1993 पासून ही सुरक्षा सक्तीची आहे आणि मोटर बिघडली समजून लोक उगाच मेकॅनिकला बोलावतात. सेन्सर उंच चढवून त्याला फसवू नका, तो रांगणाऱ्या मुलांसाठी जमिनीलगत ठेवलेला असतो.

गॅस मात्र गंभीर. मोटरहोममधल्या शेगडीचा प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर फरशीवर साचतो. गॅरेजातल्या वॉटर हीटरची ज्योत फरशीपासून 18 इंच वर ठेवायची पद्धत अशाच जमिनीलगत साचणाऱ्या वाफांमुळे आहे. गाडी आत घेण्याआधी गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद, फ्रिज गॅसवर चालत असेल तर तोही बंद.

अडकलीच तर

अ‍ॅक्सिलरेटर दाबून 'थोडंसंच आहे, निघेल' म्हणू नका. रिव्हर्सही घेऊ नका. जिथे लागलं तिथेच थांबा, हँडब्रेक लावा, उतरून शिडीवरून बघा की काय कशाला लागलंय.

मग टायरची हवा कमी करा, चारही, सारखी. फार तर इंचभर मिळतो. एवढ्या कमी हवेवर फक्त दाराबाहेर येईपर्यंत, माणूस चालेल त्या वेगाने. रस्त्यावर नाही. म्हणून गॅरेजात हवा भरायचा पंप ठेवा. गाडी आत राहणार असेल आणि वर जागा असेल तर आत आल्यावर हवा पुन्हा भरा, नाहीतर महिनाभरात टायरच्या बाजू खराब होतात. बाहेर काढताना परत कमी करायला मात्र विसरायचं नाही, मी विसरलो होतो.

हवेने भागलं नाही तर वजन. पाण्याची टाकी बागेच्या नळीने भरा. तरी नाही? माणसं बोलवा. आमच्याकडे शनिवार होता, शेजारी वाढदिवस होता. आठ जण केकच्या ताटल्यांसकट व्हॅनमध्ये मागे जाऊन बसले, एखाद्या वऱ्हाडासारखे. मी इंचाइंचाने मागे घेतली. एक काका सारखे विचारत होते, आपण कुठे चाललोय.

बाहेर आल्यावर ओरखडा पुसून मोकळे होऊ नका. फॅनच्या भोवतीचा सीलंट बोटाने दाबून बघा. छताला धक्का बसला की फॅनची चौकट केसभर हलते आणि पाणी लगेच गळत नाही. आमच्याकडे ते तिसऱ्या पावसात गळलं, गादीच्या बरोबर मधोमध.